‘हललेले’ छायाचित्र

पंडरीच्या कापडबाजारात दिवाळीच्या तोंडावर आम्ही टिपलेले एक छायाचित्र एका प्रदर्शनाच्या परीक्षकांनी परत धाडले. शेरा एकच: “हललेले आहे.” आहेच! ते आम्ही हलू दिले होते. दुकानदाराने गिऱ्हाइकापुढे साडी झटकून पसरली, तेव्हा शटर १/८ सेकंद उघडे ठेविले. साडीचा लाल ओघ झाला. गादीवर टेकलेला त्याचा डावा हात तेवढा स्पष्ट राहिला. १/५०० सेकंदात साडीचा काठ मोजता आला असता, पण सणाची ती लगबग हाती लागली नसती.

हा वाद आजचा नव्हे. कलकत्त्यास १८१५ साली जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरन यांच्या धूसर व्यक्तिचित्रांवर समकालीन छायाचित्रकारांनी नाके मुरडली होती. १९३२ साली कॅलिफोर्नियात वेस्टन, अ‍ॅडम्स प्रभृतींनी लख्ख स्पष्टतेचा पंथ काढला. अ‍ॅडम्सच्या डोंगरांना ती शोभते. बाजार म्हणजे काही डोंगर नव्हे.

हात थरथरला आणि त्यालाच कला म्हणून कोणी खपवू लागला, तर आम्ही परीक्षकांच्याच बाजूस उभे राहू. मोबाइल आपणहून पाठीमागची भिंत पुसून टाकतो, त्यालाही आमचा दुरूनच नमस्कार.

परंतु आपल्यासारख्या फिरतीच्या मंडळींनी ट्रंका उघडून पाहाव्यात. निरोपसमारंभांचे रांगेतले, नखशिखान्त स्पष्ट फोटो! कोण कोणाशेजारी बसले होते ते कळते. त्या गावची संध्याकाळ एकातही नाही. परीक्षकांना नेमके तसलेच फोटो हवे आहेत काय? पुढील वर्षीही आम्ही हेच चित्र धाडणार आहोत.