आधी ग्रंथपालबाईंना विचारा



समजा, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी संगणकाची आज्ञावली तयार करण्याचे काम तुमच्या गटावर सोपवले आहे. तुम्ही प्रथम काय कराल? बहुतेक जण लगेच संगणकासमोर बसतील आणि पुस्तक देणे, परत घेणे, दंड मोजणे अशा पायऱ्या एकाखाली एक लिहू लागतील. माझे स्पष्ट मत असे, की ही सुरुवातच चुकीची आहे. संगणक सुरू करण्यापूर्वी एक तास ग्रंथपालबाईंच्या टेबलाशी बसावे.

त्या तासात काय मिळेल ते पाहा. बाई सांगतील, एकाच पुस्तकाच्या पाच प्रती कपाटात आहेत आणि प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक आहे. एक प्रत हरवली तरी पुस्तक यादीतून जात नाही. म्हणजे ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ या दोन निराळ्या गोष्टी झाल्या! लेखकाचे नाव पुस्तकाकडे राहील. ती सध्या कोणाकडे आहे, ही माहिती प्रतीकडे. हा भेद लक्षात न घेता लिहिलेली आज्ञावली एका मुलाने एक प्रत नेताच पाचही प्रती गेल्या असे सांगेल. ही चूक गणिताची नव्हे, की टंकलेखनाचीही नव्हे. ती रचनेची चूक आहे.

ज्या गोष्टींविषयी आज्ञावली लिहायची, त्या गोष्टी आधी ओळखाव्यात. प्रत्येकीची माहिती आणि प्रत्येकीची कामे तिच्याच स्वाधीन करावीत, या विचाराला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री रचना म्हणतात. तिचा उगम नॉर्वेत झाला. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे प्रत्यक्ष व्यवहाराची नक्कल संगणकावर कशी उतरवावी याचा अभ्यास करत होते. त्यांच्यापुढील एक उदाहरण पुलावरच्या पथकर नाक्याचे होते. रांगेत ट्रक आहेत आणि बसही आहेत. दोन्ही वाहनेच, रांगेत उभे राहणे दोघांनाही सारखे, पण एकात माल आणि दुसऱ्यात प्रवासी. मग सामाईक भाग एकदाच ‘वाहन’ म्हणून लिहावा आणि वेगळा भाग तेवढा ट्रकसाठी व बससाठी निराळा लिहावा, असे त्यांनी ठरवले. यातून १९६७ साली ‘सिम्युला ६७’ ही भाषा आकाराला आली. ऑब्जेक्ट, क्लास आणि उपक्लास या कल्पना तिच्यात होत्या. पुढे दोघेही ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. चौतीस वर्षांनी!

इतका काळ का लागला? कारण अशा संशोधनात धूर निघत नाही, की प्रकाश चमकत नाही. काम कसे मांडावे एवढाच त्याचा विषय. पण त्याचा उपयोग पाहा. १९७२ साली अमेरिकेच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातील डेव्हिड पार्नास यांनी विचारले, मोठ्या आज्ञावलीचे तुकडे कोणत्या कसोटीवर पाडावेत? त्यांचे उत्तर होते, कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नका. जो निर्णय उद्या बदलण्याचा संभव आहे, तो एका तुकड्यात झाकून ठेवा. तुमच्या ग्रंथालयाचा दंड उद्या एक रुपयाचा दोन रुपये झाला, तर एकाच जागी बदल करावा लागेल की वीस जागी? फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

इलिनॉय विद्यापीठात विल्यम ओपडाइक यांनी १९९२च्या आपल्या प्रबंधात याच्याही पुढचा प्रश्न घेतला. लिहून झालेली आज्ञावली तिच्या कामात फरक न पडू देता आतून नीटनेटकी कशी करावी? नंतर त्याच विद्यापीठात हे काम करून देणारे साधनही तयार झाले. आज आज्ञावली लिहिण्याच्या बहुतेक साधनांत ही सोय असते. म्हणून पहिली रचना चुकली तर लाजू नका. सुधारणे हाही शास्त्राचाच भाग आहे.

आता तुम्ही म्हणाल, “हल्ली साध्या भाषेत सांगितले की संगणकच आज्ञावली लिहून देतो. मग ही डोकेफोड कशाला?” शंका रास्त आहे. दहा ओळींच्या आज्ञावलीला एवढी तयारी लागत नाही, हेही मी मान्य करतो. पण संगणकाला सांगायचे काय? पुस्तक आणि प्रत यांतला भेद तुम्हालाच ठाऊक नसेल, तर तुम्ही मागाल तेच चुकीचे असेल. साधन चौकोन सुबक काढून देईल. त्या चौकोनात तुमच्या शाळेपुरते कोणते नाव लिहायचे, हे बाईंना विचारल्याशिवाय त्यालाही कळणार नाही.

आणि न विचारण्याची किंमत नेहमी दुसराच कोणीतरी मोजतो. नीगार्ड यांनी हे ओळखले होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागले. कारखान्यात येणाऱ्या संगणकयोजनांचा आपल्या कामावर काय परिणाम होईल, हे कामगारांनी स्वतः अभ्यासावे आणि त्यांत आपले म्हणणे मांडावे, असा त्यांचा आग्रह होता. वस्तूंचा इतका बारकाईने विचार करणारा शास्त्रज्ञ माणसांकडे वळला, यात मला मुळीच नवल वाटत नाही. ज्याला काम नीट समजून घ्यायचे आहे, त्याला काम करणाऱ्याकडे जावेच लागते.

म्हणून माझी शाळांना विनंती आहे, की संगणकाच्या तासाला क्लासची व्याख्या पाठ करून घेण्यापूर्वी मुलांना एखादी खरी रचना करू द्या. साधन हवेच असेल तर ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले ‘ब्लूजे’ विनामूल्य मिळते. त्यात क्लास चौकोनांच्या रूपात पडद्यावर दिसतात.

पण त्याआधी कागदच पुरे. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ साली सुचवलेली युक्ती करून पाहा. पोस्टकार्डाएवढी काही कार्डे घ्या. प्रत्येकावर वर एका गोष्टीचे नाव, डावीकडे तिची कामे आणि उजवीकडे ती कोणाची मदत घेते ते लिहा. मित्रांमध्ये कार्डे वाटा. एक जण पुस्तक, एक जण प्रत, एक जण वाचक. मग पुस्तक नेण्याचा प्रसंग प्रत्यक्ष करून पाहा. कोणाच्या कार्डावर कामांची गर्दी झाली आणि कोण नुसताच उभा राहिला, हे पाच मिनिटांत दिसेल.

शेवटी ती कार्डे घेऊन ग्रंथपालबाईंकडे जा. त्या एखादे कार्ड खोडून टाकतील. तेथूनच तुमची खरी आज्ञावली सुरू होईल.