परदेशातून पैसे येतात, पण पूर्ण का येत नाहीत?

अमेरिकेतून भारतात पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर लागणार, हा मेसेज तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला असेल. कायदा खरा आहे. ४ जुलै २०२५ रोजी त्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. सुरुवातीला ५ टक्के, मग ३.५ टक्के अशी चर्चा होती. शेवटी जो १ टक्का उरला तो रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पैसे पाठवणाऱ्यांसाठी. बँक खात्यातून किंवा अमेरिकेत मिळालेल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलेल्या पैशांना तो लागत नाही. न्यू जर्सीतला भाऊ खात्याला जोडलेल्या अ‍ॅपवरून पुण्यात आईला पैसे पाठवत असेल, तर त्याने काळजी करायचं कारण नाही.

मला गंमत याची वाटते, की न लागणाऱ्या एका टक्क्यावर एवढा गदारोळ होतो आणि वाटेत निमूटपणे कापल्या जाणाऱ्या तीन-चार टक्क्यांबद्दल कोणी विचारतही नाही. हा विषय आपल्या घरातला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीनुसार परदेशस्थ भारतीयांनी त्या वर्षी ११८.७ अब्ज डॉलर देशात पाठवले, आणि राज्यांमध्ये सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के. केरळही आपल्या मागे.

हजार डॉलरचा प्रवास

एक हिशोब करू. समजा तुम्ही नाशिकमध्ये बसून अमेरिकेतल्या क्लायंटसाठी वेबसाइट बनवली आणि त्याने १,००० डॉलर बँकेतून वायर केले. सोयीसाठी बाजारात डॉलर ९० रुपये धरू. म्हणजे ९०,००० यायला हवेत.

क्लायंटच्या बँकेचं तुमच्या बँकेत थेट खातं नसतं, म्हणून मध्ये एक बँक येते. तिला करस्पॉन्डंट बँक म्हणतात. तिने २० डॉलर कापले असं धरा. उरले ९८०. आता तुमची बँक डॉलर विकत घेते, पण ९० ने नाही. बाजारभावापेक्षा २ टक्के कमी, म्हणजे ८८.२० चा दर लावला तर होतात ८६,४३६ रुपये. त्यावर चलन बदलण्याच्या सेवेचा जीएसटी, साधारण १५६ रुपये. हातात ८६,२८०.

गेले किती? ३,७२०. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. पण बँकेच्या पावतीवर तुम्हाला ठळक दिसतात ते फक्त १५६ रुपये! मधल्या बँकेचे २० डॉलर आधीच गेलेले असतात आणि दरातले १,७६४ रुपये ‘फी’ या शब्दाखाली कुठेच येत नाहीत. ‘आम्ही इनवर्ड रेमिटन्सवर शुल्क घेत नाही’ असं बँक म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. फक्त कमाई दरात असते.

(जीएसटीबद्दल एक गैरसमज दिसतो. तो १८ टक्के सगळ्या रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या रकमेत रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. पुढच्या टप्प्यांत प्रमाण आणखी कमी होतं. यात वाचवण्यासारखं फार नाही, सोडून द्या.)

वाचवायचं कुठे?

आधी मधली बँक. स्विफ्टमधून पैसे जातात असं आपण म्हणतो, पण स्विफ्ट ही निरोपांची व्यवस्था आहे. पैसे सरकतात ते बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांमधून, आणि प्रत्येक थांब्यावर कोणी तरी हात मारतं. पाठवताना खर्चाचे तीन पर्याय असतात: ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘शा’ म्हणजे वाटून, ‘बेन’ म्हणजे सगळा तुमचा. क्लायंटशी बोलून ‘अवर’ ठरवता आलं तर उत्तम. नाही तर दर आठवड्याला २५० डॉलर मागण्यापेक्षा महिन्याचं एकच बिल लावा. थांब्यावरची कापणी रकमेवर नाही, बहुतेक वेळा प्रत्येक व्यवहारावर ठरलेली असते. पैसे अडकले तर क्लायंटकडून ‘यूईटीआर’ हा ३६ अक्षरी क्रमांक मागा. त्यावरून तुमची बँक रक्कम कुठल्या थांब्यावर आहे ते शोधू शकते.

दुसरा आणि मोठा मुद्दा दराचा. शाखेत जाऊन ‘किती चार्ज लागेल?’ असं विचारू नका. ‘आजचा टीटी बाइंग रेट किती?’ असं विचारा आणि तो एफबीआयएलच्या रोज दुपारी जाहीर होणाऱ्या संदर्भ दराशी ताडून बघा. फरक किती पैशांचा आहे ते लगेच कळतं. बोर्डावरचा ‘कार्ड रेट’ हा मागितल्याशिवाय मिळणारा दर असतो. रक्कम मोठी असेल, दर महिन्याला येत असेल, तर फॉरेक्स डेस्ककडून त्याहून चांगला दर मागता येतो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारे आपण इथे मात्र गप्प बसतो! २०१९च्या ऑगस्टमध्ये याच कारणासाठी ‘एफएक्स-रिटेल’ नावाचा प्लॅटफॉर्म सुरू झाला. क्लिअरिंग कॉर्पोरेशन तो चालवते आणि त्यावर ग्राहकाला बाजारातला दर उघड दिसतो. पण शाखेत त्याचं नाव काढलं की समोरचा कर्मचारी बऱ्याचदा आपल्याकडेच बघत राहतो.

फ्रीलान्सरसाठी तिसरी वाट आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने परदेशी देयकं गोळा करणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांना थेट आपल्या नियमांखाली आणलं. यातल्या काही कंपन्या तुम्हाला अमेरिकेतला स्थानिक खाते क्रमांक देतात. क्लायंट आपल्याच देशात पैसे भरतो, स्विफ्टचा थांबा टळतो. निवडताना एकच प्रश्न विचारा: १,००० डॉलरचे आज माझ्या खात्यात नेमके किती रुपये पडतील? पेपॅलवर व्यवहाराची फी वेगळी आणि चलन बदलण्याची वजावट वेगळी, तेव्हा तिथेही हाच प्रश्न.

घरी पैसे पाठवणाऱ्यांचं गणित जरा निराळं. आखाती देशांतून रत्नागिरी-रायगडला पैसे येतात ते बरेचसे तिथल्या एक्स्चेंज हाउसमधून. तिथे दिरहम भरतानाच रुपये ठरतात, त्यामुळे वाटेत अचानक कापाकापी होत नाही. सिंगापूरहून २१ फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय-पेनाऊ जोडणी आहे, पण ती फक्त घरगुती रकमांसाठी. कामाचं बिल त्यातून घेऊ नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: पर्पज कोड. कामाचे पैसे बँकेने ‘कुटुंबाचा खर्च’ म्हणजे पी१३०१ मध्ये टाकले आणि तुम्ही सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२ सांगितलाच नाही, तर पुढे जीएसटीत निर्यात दाखवताना कागद जुळत नाहीत. दरात वाचवलेले हजार रुपये मग सीएच्या फीमध्ये जातात.

कोड आणि दर, दोन्ही सांगायची वेळ पैसे रुपयांत बदलण्याआधीची असते, आणि बऱ्याच जणांना पैसे आल्याचं कळतं ते जमा झाल्याच्या एसएमएसवरून. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक मसुदा काढला. परदेशातून रकमेचा संदेश येताच बँकेने ग्राहकाला कळवावं, असं त्यात म्हटलं आहे. तोपर्यंत क्लायंटने वायर केल्याचा मेल आला की त्याच दिवशी शाखेला इनव्हॉइस आणि पर्पज कोड पाठवा, आणि त्याच मेलमध्ये दरही विचारा.