सूर्योदयाचा हुकूम

यादवी युद्धाचा वृत्तान्त लिहिणाऱ्यावर पक्षपाताचा आरोप ठेवलेलाच असतो, आणि त्यातून सुटण्यासाठी उभय पक्षांच्या कैफियती सारख्याच लांबीने शेजारी शेजारी मांडून आपण मौन धरावे, यालाच पुष्कळ लोक तटस्थता समजतात. ही समजूत केवळ चुकीचीच नव्हे, तर सत्याला अपायकारकही आहे असे माझे मत असून, त्यासाठी अमेरिकेच्या यादवीतील एका लढाईचा दाखला पुरेसा होईल.

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा मोड झाला. या पराभवाचे दायित्व लीने स्वतःकडे घेतले होते आणि राजीनामाही देऊ केला होता. परंतु १८७० मध्ये तो निवर्तल्यावर, त्याची कीर्ती निष्कलंक राहावी म्हणून दोषाचा दुसरा धनी शोधण्याची गरज त्याच्या अनुयायांना भासू लागली. १८७२ मध्ये लीच्याच हाताखाली लढलेल्या जनरल अर्ली याने लढाईच्या दुसऱ्या दिवशीच्या दिरंगाईचा ठपका आपला सहकारी जनरल लाँगस्ट्रीट याच्यावर ठेवला. आणि पुढच्याच वर्षी लीच्या तोफखान्याचा प्रमुख पेंडल्टन, जो पेशाने धर्मोपदेशक होता, त्याने असे सांगितले की सूर्योदयाबरोबर हल्ला करण्याचा लीचा हुकूम लाँगस्ट्रीटला होता. प्रत्यक्षात तो हल्ला दुपारी चारच्या सुमारास झाला होता. आता हे आरोप करणारे कोण होते? पहिल्या दिवशी संध्याकाळी समोरची टेकडी हातची गेली, त्या बाजूस अर्ली स्वतः हजर होता; म्हणजे दोष दुसऱ्यावर जाण्यात त्याचाही स्वार्थ होता. आणि ज्याच्यावर आरोप झाला तो लाँगस्ट्रीट तर युद्धानंतर विजेत्यांच्या रिपब्लिकन पक्षास मिळाला होता, एवढेच नव्हे तर या आरोपांनंतर १८७४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीय शिपाई असलेल्या दलाचे नेतृत्व करून सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाविरुद्ध उभाही राहिला.

लाँगस्ट्रीटने लीच्या खाशा अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारणा केली. टेलर, मार्शल, लाँग आणि व्हेनेबल या चौघांनीही असा हुकूम आपल्याला ठाऊक नसल्याचे कळविले. व्हेनेबलने तर असे लिहिले की, त्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास लीने आपल्यालाच दुसऱ्या बगलेवरील जनरल यूएलकडे, तिकडून हल्ला करणे कितपत फायद्याचे ठरेल हे विचारण्यासाठी पाठविले होते. जो सेनापती उजाडताना हल्ला कोठून करावा याचीच चौकशी करीत होता, त्याने त्याच क्षणी तो करण्याचा हुकूम आधीच देऊन ठेवला होता हे संभवत नाही. हे चौघेही लीचे निष्ठावंत होते, लाँगस्ट्रीटचे कैवारी नव्हते. म्हणूनच त्यांच्या साक्षीचे मोल अधिक.

तथापि हीच कसोटी लाँगस्ट्रीटलाही लावली पाहिजे. लीची योजना त्याला मान्य नव्हती, त्या दिवशी त्याच्या हालचालीत मंदपणा होता, आणि १८९६ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत छापलेल्या त्याच्या आठवणींत आत्मसमर्थन पुष्कळ आहे. हुकूम खोटा ठरला म्हणून लाँगस्ट्रीट निर्दोष ठरत नाही, आणि तो सदोष ठरला म्हणून हुकूम खरा ठरत नाही.

तटस्थतेची खरी रीत कोणती, हे त्याच देशाच्या युद्धखात्याने दाखविले. १८८० पासून त्याने उभय सैन्यांचे अधिकृत कागद छापण्यास आरंभ केला, आणि दक्षिणेचे दप्तर गोळा करण्यासाठी मार्कस राइट या दक्षिणेच्याच माजी सेनानीची नेमणूक केली. हे काम १२८ ग्रंथांपर्यंत गेले. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये, कारण १८९८ मध्ये इतिहाससंशोधक राजवाड्यांनी पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हापासून बखरीतील मजकुराची समकालीन पत्रांशी रुजवात घालण्याचा धडा आपणही गिरवीत आलो आहोत.

‘कोणी म्हणतात हुकूम होता, कोणी म्हणतात नव्हता’ एवढे लिहून थांबणारा इतिहासकार निःपक्षपाती नव्हे; तो असत्याला अर्धी जागीर तोडून देतो. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की, कोणत्याही देशाच्या यादवीचा वृत्तान्त हाती आला, तर कोणत्या पक्षाला किती ओळी मिळाल्या हे मोजीत न बसता, त्यातील प्रत्येक विधान कोणी केले, घटनेनंतर किती वर्षांनी केले, आणि ते करताना त्याचा कोणता स्वार्थ गुंतला होता, हे आधी विचारावे.