मागच्या चाकाचा हिशेब

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला मोटारीचा टायर बसवावा, ही कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु ती कोणा विक्षिप्ताच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत होंडा कंपनीच्या गोल्ड विंग या अवजड गाडीवरून लांबचे प्रवास करणारे काही स्वार मागच्या चाकाला १६ इंची मोटारीचा टायर वर्षानुवर्षे वापरीत आले आहेत. त्यांचा युक्तिवाद निखळ पैशाचा आहे. अशा गाडीचा मूळ टायर साधारणतः पंधरा-वीस हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होतो. मोटारीचा टायर त्याच्या दुपटीहून अधिक टिकतो आणि बहुधा स्वस्तही पडतो. दर किलोमीटरचा खर्च काढला की हिशेब मिटला, असे त्यांना वाटते.

हाच हिशेब अहिल्यानगर जिल्ह्यातील तिसगावात मांडून पाहावा. कल्याणहून माळशेज घाट चढून, नगर-पाथर्डीमार्गे निर्मलकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव. नगर गाठायचे तर वाटेत करंजीचा घाट. भोवताली पाथर्डी तालुक्याचा कोरडवाहू मुलूख. अशा भागात मोटारसायकल हे केवळ प्रवासाचे वाहन राहिलेले नाही. दुधाच्या किटल्या, पेंडीचे पोते, खताची गोणी, झालेच तर मागे बसलेले दोन जीव, हा सारा भार शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाडीवर आणि त्यातही मुख्यतः मागच्या चाकावर पडतो. ते चाक लवकर झिजते यात नवल नाही, आणि अधिक दणकट टायर का बसवू नये, असा प्रश्न कोणाला पडला तर त्याला वेड्यात काढण्याचे कारण नाही.

शिवाय या परिसराच्या पाठीशी अशाच एका बदलाचा अनुभव आहे. पाथर्डी हा ऊसतोडणी कामगारांचा तालुका. हंगामात कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाडीची लोखंडी धावेची लाकडी चाके गेली आणि तेथे हवेचे रबरी टायर आले. ‘टायरगाडी’ हा शब्द साखर कारखान्यांच्या व्यवहारात तोडणी-वाहतुकीचा एक प्रकार म्हणून रूढ झाला. रबरी चाकामुळे तीच बैलजोडी पक्क्या रस्त्यावर अधिक ओझे ओढू लागली. (या लाभातील बैलाचा वाटा किती, हे मात्र कोणी विचारले नाही, ओढणे हलके झाले तसे ओझे वाढले.) तरीही तांत्रिकदृष्ट्या तो बदल योग्यच होता. मग बैलगाडीला जे मानवले ते मोटारसायकलला का मानवू नये?

कारण बैलगाडी वळताना झुकत नाही. मोटारसायकल झुकते, झुकल्यावाचून तिला वळताच येत नाही. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीला तोल राखण्यासाठी सुमारे २३ अंश झुकावे लागते. म्हणूनच तिच्या टायरचा माथा गोलाकार असतो, म्हणजे गाडी कितीही कलली तरी रबराचा पुरेसा भाग रस्त्याला टेकून राहतो. मोटारीचा टायर माथ्याला सपाट आणि खांद्याला चौकोनी. सरळ रस्त्यावर तो भक्कम बसतो, पण वळणावर गाडी कलताच त्याचा माथा उचलला जाऊन भार कडेवर येतो, आणि ती कड गाडीला पुन्हा उभी करू पाहते. स्वार एकीकडे झुकवतो, टायर दुसरीकडे ढकलतो. करंजीच्या घाटात, ओल्या डांबरावर, मागे चाळीस लिटर दूध असताना ही ओढाताण कशी होईल, याची कल्पना करावी. त्यातच टायरची तारेची कड आणि चाकाची रिम एकमेकांसाठी घडविलेली नसतात, ही जोखीम वेगळीच. साइडकार जोडलेली गाडी झुकत नाही, तेथे हा टायर चालून जातो. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांची शेतीची ‘सांती’ जोडली, ती यशस्वी होण्याचे एक कारण हेच की तिने दुचाकीला दुचाकी ठेवलेच नाही.

खेड्यातील सामान्य गाडीचे मागचे चाक १७ वा १८ इंची, टायरची रुंदी जेमतेम तीन इंच. लहान मोटारींचे टायर १२ ते १४ इंची आणि रुंद. ते बसवायचे म्हणजे रिम बदलणे आणि चाक धरणारी चौकट रुंद करणे आले. असा फेरफार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ च्या कक्षेत येतो. विमा कंपनीला दावा नाकारण्यास निमित्त मिळते ते निराळेच. तेव्हा तिसगावात हा प्रयोग सर्रास होईल अशी भीती नाही. भीती आहे ती त्यामागच्या हिशेबाची. तोच हिशेब येथे निराळ्या रूपाने चालतो: नक्षी पूर्ण जाईपर्यंत टायर ओढणे, वर रबर चढवलेला किंवा कोणीतरी टाकून दिलेला टायर घेणे.

या हिशेबात दीड-दोन हजार रुपयांची बचत स्वाराच्या खिशात दिसते. अपघाताचा खर्च मात्र मागे बसलेल्या बायकोच्या, समोरून येणाऱ्या पादचाऱ्याच्या आणि सरकारी रुग्णालयाच्या नावावर पडतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. यातील किती मृत्यू टायरमुळे झाले हे त्या आकड्यावरून ठरत नाही, पण मृत्यूचा सर्वांत मोठा वाटा कोणत्या वाहनावरच्या माणसांचा आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

दंड वाढवून हा हिशेब बदलणार नाही, कारण दंड वसूल करणारा शिपाई तिसगावच्या आडवाटेवर उभा नसतो. किंमत बदलली तर तो बदलेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर उतरले, तेव्हा ट्रॅक्टरच्या टायरवरील कर ५ टक्क्यांवर आला; मोटारसायकलच्या टायरवरील २८ वरून १८ टक्क्यांपर्यंतच. ट्रॅक्टर शेतीचे साधन आणि मोटारसायकल खासगी वाहन, हा त्यामागचा भेद अल्पभूधारकाच्या दारात टिकत नाही. त्याच्याकडे ट्रॅक्टर नाही. त्याचे दूध दुचाकीच नेते. सवलतीचा लाभ शहरातील हौशी स्वारालाही मिळेल, असा आक्षेप येईल. परंतु शंभर-सव्वाशे सी.सी.च्या गाड्यांच्या टायरची मापे ठरलेली आहेत. तेवढ्या मापांपुरता ५ टक्के दर लावण्यास वस्तू व सेवा कर परिषदेला कोणती अडचण आहे, हे तिने सांगावयास हवे.