उकलण्याचा क्रम

अमेरिकेत 1950 आणि 1960च्या दशकांत मोटारीमागे ओढून नेण्याचे छोटे प्रवासी ट्रेलर मोठ्या संख्येने तयार झाले. गोलसर आकारामुळे त्यांतील काहींना तिथे 'हॅमचा डबा' म्हणतात. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी सांगाडा. आज हौशी माणसे असे जुने ट्रेलर घरच्या आवारात आणून पुन्हा उभे करतात. या खटाटोपात आम्हांला मोलाची वाटते ती उभारणी नव्हे, उकल.

हे ट्रेलर आतून बाहेर बांधले जात. आधी आतली प्लायवूडची भिंत, मग सांगाडा, शेवटी पत्रा. म्हणून उकलायचे ते उलट्या क्रमाने : कडेच्या पट्ट्या, खिडक्या, मग पत्रा. पत्रा निघाला की सांध्यांतून झिरपलेल्या पाण्याने कुजलेले लाकूड दिसते. उतावळा माणूस ते फेकून देतो आणि फसतो. कारण छताच्या वळणाचे माप बहुधा त्या कुजक्या फळीतच असते. जाणता माणूस तिच्यावर क्रमांक घालतो, ती नव्या फळीवर ठेवून रेघ आखतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हे नवे वाटू नये. हस्तलिखितातील भ्रष्ट पाठही मूळ पाठाकडे नेणारी खूण असतो. तो नोंद न करता गाळणारा संपादक पुढच्या अभ्यासकाची वाट बुजवतो.

जुने ते सारे राखावे, असे आम्ही म्हणत नाही. रस्त्यावर धावायचे तर टायर आणि विजेच्या तारा नव्याच हव्यात. आमचा आग्रह एवढाच की, काय बदलले आणि का, याची नोंद राहावी. तेवढी नसेल, तर त्याला जीर्णोद्धार म्हणू नये.