चिवट कोण, कोंबडी की आपण?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो चिडून. तेव्हा सांभाळून घ्या. शाकाहारी वाचकांनी इथूनच परत फिरावं. पुढच्या वेळी तुमच्यासाठी सांडग्यांवर लिहीन.

झालं असं. पोळ्याला मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी सगळे जमलो होतो. श्रावणभर तोंडाला कुलूप. बैलांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी कर, आणि करीला चुलीवर गंज चढतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. गावातूनच दोन गावरान कोंबड्या घेतल्या. अंडी देऊन थकलेल्या, चांगल्या दोन-अडीच वर्षांच्या. पुतण्या पुण्याहून आलेला. म्हणाला, "काका, आज मी करतो." मला आनंदच झाला. अर्ध्या तासाने मागच्या अंगणात जाऊन बघतो तर मान, पाठीचा सांगाडा, पंख, पोटा, सगळं कुत्र्यापुढे! उरलेलं कुकरमध्ये, आणि कुकर पाचव्या शिट्टीवर.

ताटात आलं तेव्हा छातीचे तुकडे कोरडे, सुतासारखे सुटलेले. तंगडी मात्र दाताला दाद देईना. रस्सा म्हणजे तिखट लाल पाणी. पुतण्याने निकाल दिला, "गावरान ओव्हररेटेड आहे काका. चिवट असते. ब्रॉयलरच बरा."

दोघाचौघांनी माना डोलावल्या. सण होता म्हणून मी गप्प बसलो. आता सण संपलाय.

पहिली गोष्ट. ब्रॉयलर म्हणजे सहा आठवड्यांचं पिल्लू. अंगाने दोन किलोचं, वयाने बाळ. ते चाललेलं नाही, उडालेलं नाही, उकिरडा उकरलेला नाही. त्याच्या मांसात चिवट व्हायला आहेच काय? गावरान कोंबडीला किलो-सव्वा किलो व्हायलाच पाच-सहा महिने लागतात. दिवसभर ती पायांवर असते, म्हणून तंगडीत शिरा आणि चिवट धागे भरपूर. वय वाढतं तसे हे धागे एकमेकांत आणखी घट्ट गुंततात. हा त्या कोंबडीचा दोष नाही, तिच्या कष्टांचा हिशोब आहे.

आणि चव त्या हिशोबातच आहे. हेच धागे मंद आचेवर, ओल्या उष्णतेत, पुरेसा वेळ मिळाला की विरघळतात आणि रश्शाला अंग येतं. बोटं एकमेकांना चिकटतात ना, ते हेच. छातीत हे धागे फारच कमी. म्हणून छाती जास्त शिजवली की कोरडी पडते आणि तंगडी कमी शिजवली की रबर होते. दोघींना एकाच वेळी कुकरात कोंडून एकाच शिट्टीला बाहेर काढणं हा कुठला न्याय?

कुकरशी माझं वैर नाही. आत साधारण १२० अंशांपर्यंत उष्णता जाते, काम लवकर होतं, गॅस वाचतो. तक्रार शिट्ट्या मोजून स्वयंपाक करण्याच्या सवयीबद्दल आहे. शिट्टीला कोंबडीचं वय कळत नाही. शहरात राहणाऱ्यांनी तंगड्या, मान, पाठ, पंख आधी घालावेत, पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं ठेवावेत, वाफ आपोआप जिरू द्यावी. मग झाकण काढून छातीचे तुकडे घालावेत आणि उघड्यावर शिजवावेत. झालं!

कच्ची पपई चोळण्याचा सल्ला देणाऱ्यांनाही हात जोडतो. पपई वरवरचं मांस मऊ करते, जास्त वेळ राहिली तर पिठूळ करते. आतली शीर तशीच. आणि रश्शाला अंग पपईने येत नाही.

आमची माय कशी करायची ते सांगतो. पिसं काढली की कोंबडी जाळावर शेकायची, हळद चोळून धुवायची. कातडी काढायची नाही. गंजात थोडं तेल, कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ, त्यात आधी चिवट तुकडे. अंगचं पाणी सुटेपर्यंत परतायचे. मग झाकण, आणि झाकणावर पाणी. ते तापलं की तेच आत, वर पुन्हा गार. आत गार पाणी म्हणून पडायचं नाही. खळखळा उकळू द्यायचं नाही, नुसता बुडबुडा. चुलीत तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या. (आता सोयाबीनमुळे पऱ्हाट्या दिसेनाशाच झाल्यात.) तास-सव्वा तासाने भाजलेला कांदा, सुकं खोबरं, धणे, खसखस, दगडफूल पाट्यावर वाटून घालायचं. छातीचे तुकडे शेवटच्या अर्ध्या तासात. सगळं मिळून दोन-अडीच तास. आम्ही पोरं चुलीभोवती घिरट्या घालायचो तर म्हणायची, "काहून रे बाप्पा घाई करता? तिले शिजू त द्या!"

आता चिडण्याचं खरं कारण.

आमच्या घरी आधी पुरुषांची पंगत बसायची. तंगड्या पाहुण्यांना आणि जावयाला, छाती पोरांना. बायका मागून जेवायच्या. मायच्या ताटात मान, पाठीची हाडं, पंख आणि रस्सा. "मले मानच आवडते," असं ती म्हणायची आणि आम्ही खरं मानायचो. मी तर चाळिशीपर्यंत खरं मानलं. ती जाऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी वहिनी सहज बोलून गेली, "मामींना तंगडी लई आवडे. माहेरी त्यांचे बाबा द्यायचे त्यांना." त्या दिवशी मला घास गिळवेना.

म्हणून त्या अंगणात कुत्र्यापुढे पडलेली मान बघून माझं डोकं फिरलं. पुतण्याला कल्पना नव्हती, त्याचा राग नाही. पण जे तुकडे या घरातल्या बायकांनी आयुष्यभर वाट्याला घेतले, त्यांच्यातूनच एवढा सुंदर रस्सा काढला, ते आज आपल्याला 'वेस्ट' वाटतात? त्यांनी नाइलाजातून एक विद्या कमावली आणि आपण नाइलाजाबरोबर विद्याही फेकून दिली.

अमेरिकेतल्या मावसभावाला फोनवर हे सांगितलं तर हसला. तिकडे रानटी टर्की मारणारे कित्येकजण छाती तेवढी घेतात, तंगड्या चिवट म्हणून टाकतात, आणि जाणकार त्यांना हेच ओरडून सांगतात: मंद आच, झाकण, चार तास. फ्रेंच लोकांचा नावाजलेला 'कॉक ओ वँ' तरी काय? म्हातारा कोंबडा वाइनमध्ये सावकाश शिजवलेला! तिकडचं ते नाव मेनूकार्डावर दिसलं की आपण कौतुकाने मागवतो, आणि मायचा गंज तेवढा मागासलेला?

(ही टर्कीची गोष्ट ऐकून एका चुलत भावाला तितराची आठवण झाली. दादा, तितर, लावे मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे, ते मिरवतो ना आपण? मग गावरानवर भागवा.)

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. बायको म्हणाली, "दोन-अडीच तास चुलीपाशी बसणार कोण? पुन्हा आम्हीच ना?" बरोबर आहे. 'सावकाश शिजवा' हा उपदेश पुरुषाने पाटावर बसून केला तर त्याला काही अर्थ नाही. म्हणून पुढच्या करीला चूल मी पेटवणार, झाकणावरचं पाणी मी बदलणार. पुतण्या पाटा-वरवंटा सांभाळेल. त्याने फोनवर 'ओके काका' म्हटलंय, आता माघार नाही.

आणि वाढताना पहिली तंगडी वहिनीच्या ताटात. मान मी घेणार. आवडते म्हणून नाही, एकदा खाऊन बघायची आहे म्हणून.

असो. राग बराच उतरला.

ता.क. ताई, तू वाचतेस हे माहीत आहे. मायने तुला मसाल्यात आणखी काय सांगितलं होतं ते कळव. माझ्या रश्शात काहीतरी कमी पडतंय.