आठ कलांचा फरक

पंचांगात ‘मंगळ वक्री’ असे आपण वाचतो. एरवी ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकणारा हा तांबूस ग्रह काही आठवडे पश्चिमेकडे, उलटा चालताना दिसतो. खरे तर तो मागे फिरत नाही. एस.टी.ने पुढे चाललेल्या बैलगाडीला मागे टाकले, की लांबच्या डोंगरापुढे ती गाडी मागे सरकल्यासारखी वाटते ना? आपली पृथ्वी आतल्या फेरीतून मंगळाला अशीच मागे टाकते.

सूर्य मधोमध आणि पृथ्वी त्याच्याभोवती, हे कोपर्निकसने १५४३ साली ग्रंथात मांडले. पण ग्रहाची वाट गोलाचीच असणार, ही जुनी समजूत त्यानेही सोडली नाही. मंगळाचा हिशेब काही जुळेना.

तो जुळला टायको ब्राहेच्या वह्यांमुळे. हा डेन्मार्कचा सरदार. ह्वेन बेटावर वेधशाळा बांधून वीसेक वर्षे त्याने ग्रहांच्या जागा मोजून लिहिल्या. दुर्बीण तेव्हा नव्हती. मोठाली यंत्रे आणि नुसता डोळा. १६०१ मध्ये तो प्रागला वारला आणि वह्या त्याचा मदतनीस योहानेस केप्लर याच्या हाती आल्या. वारसांशी तंटा झालाच. वाटणीचे वाद तिथेही!

केप्लरने गोल वाट धरून गणित मांडले. बरेचसे जमले, पण काही ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे तीस कला. म्हणजे फरक तिच्या पावाएवढा. दुसरा कोणी ‘मोजण्यात चुकले असेल’ म्हणून सोडून देता. (नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात पर्जन्यमापकाचा न पटणारा आकडा मी असाच खोडला होता. अजून सलतो.) केप्लरचे म्हणणे असे, की टायको एवढा चुकणार नाही, चुकले असेल ते आपले गणित. कित्येक वर्षांची मेहनत त्याने बाजूला सारली.

१६०९ साली त्याने छापले, की मंगळाची वाट लंबवर्तुळ आहे. दोन खुंट्या ठोका, त्यांभोवती दोरीचा सैल फास टाका आणि काठीने ताणून फिरवा. जमिनीवर उमटेल ते लंबवर्तुळ. एका खुंटीच्या जागी सूर्य, दुसरी रिकामी. म्हणून मंगळ सूर्यापासून कधी २०.७ कोटी किलोमीटरवर, तर कधी २४.९ कोटींवर असतो. जवळ असताना भरभर चालतो, लांब गेला की सावकाश.

मुलांना एक काम सांगा. मंगळ दिसेल तेव्हा दर आठवड्याला शेजारच्या ताऱ्यांजवळची त्याची जागा वहीत काढून ठेवायची. साधारण सव्वीस महिन्यांनी तो वक्री होतो. तेव्हा वहीतली रेघही मागे वळलेली दिसेल.